स्प्रेडशीटमधील समीकरण डोळ्यांस दिसावे

अंश वर व छेद खाली मांडण्याची आपली रीत जुनी आहे. आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाचा शिलालेख आहे. ‘लीलावती’च्या काळी (सुमारे इ. स. ११५०) अपूर्णांक असेच एकाखाली एक मांडीत, मधली रेघ तेवढी नसे. स्प्रेडशीटमधील सूत्र मात्र एकाच ओळीत लिहावे लागते व तेथेच घोटाळा संभवतो.

समलंब चौकोनाच्या आकाराची परसबाग घ्या. समांतर बाजू १२ व ८ मीटर, त्यांमधील अंतर ५ मीटर. =(१२+८)*५/२ असे लिहिल्यास ५० चौरस मीटर हे योग्य उत्तर मिळते. कंस गळाल्यास गुणाकार-भागाकार आधी होऊन ३२ येतात. सेलमध्ये केवळ उत्तर दिसत असल्याने चूक दडून राहते.

पोषण आहाराच्या हिशेबात ही चूक मुलांच्या ताटापर्यंत पोहोचते. इयत्ता १ ली ते ५ वीस प्रतिविद्यार्थी १०० ग्रॅम व ६ वी ते ८ वीस १५० ग्रॅम तांदूळ, हे प्रमाण सर्वांस ठाऊक आहे. बी२ मध्ये लहान गटाची उपस्थिती ६० व सी२ मध्ये मोठ्या गटाची ४० असल्यास =बी२*०.१+सी२*०.१५ या सूत्राने १२ किलो येतात. दोन्हीकडे ०.१ राहिल्यास १० किलोच येतील आणि दोन किलोंची तूट मोठ्या मुलांना सोसावी लागेल.

यास्तव शिक्षकबंधुभगिनींनी पुढील गोष्टी कराव्यात. (सूत्रातील अक्षरे व अंक इंग्रजीतच टंकावेत.)

१. कंट्रोल कळ दाबून धरून एस्केपखालील कळ दाबावी. सर्व सूत्रे दिसू लागतात. पुन्हा तसेच केल्यास उत्तरे परत येतात.

२. उत्तराशेजारच्या सेलमध्ये =फॉर्म्युलाटेक्स्ट(डी२) लिहावे. डी२ मधील सूत्र तेथे कायम दिसते व छापताही येते. ही सोय एक्सेल २०१३ पासून आहे. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये ‘फॉर्म्युला’ हे फलन तेच काम करते.

३. विद्यार्थ्यांस पाठ्यपुस्तकाप्रमाणे समीकरण दाखवावयाचे असल्यास एक्सेलच्या ‘इन्सर्ट’मधील ‘इक्वेशन’ वापरावे. मात्र ते केवळ चित्र होय. त्याने आकडेमोड होत नाही.

चित्र, सूत्र व उत्तर ही तिन्ही शेजारी ठेवावीत आणि एक उदाहरण विद्यार्थ्यांकडून पाटीवर सोडवून घ्यावे. दोन्ही उत्तरे जुळली म्हणजेच तक्ता विश्वासार्ह समजावा.