अँटिबायोटिक, जुलाब आणि दहीभात

अँटिबायोटिक रोगजंतूंबरोबर आतड्यातले उपकारक जंतूही मारतं. म्हणून औषध चालू असताना काही मुलांना जुलाब होतात. अशा वेळी भारतातून फोनवर आजीचा सल्ला ठरलेला, "दहीभात दे गं." आमच्याकडेही आला. दहीभात पचायला हलका, म्हणून मी दिलाही. पण घरच्या विरजणात कोणते जंतू किती, हे कळत नाही. प्रोबायोटिकमध्ये ते ठरावीक आणि मोजलेले असतात.

२०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात ३३ अभ्यासांतली सहा हजारांहून अधिक मुलं होती. अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिक घेणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के मुलांना जुलाब झाले, इतरांपैकी १९ टक्के. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस आणि सॅकरोमायसिस बुलार्डी हे त्यांतले आशादायक ठरले, तेही रोज ५ अब्ज किंवा अधिक अशा मात्रेत.

म्हणजे खरा फायदा जुलाब टाळण्यात आहे. म्हणून मैत्रिणींनो, अँटिबायोटिक लिहून मिळतानाच डॉक्टरांना विचारा. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या किंवा फार आजारी मुलाला प्रोबायोटिक मनाने देऊ नका. जुलाब लागलेच तर ओआरएस पाजा, अँटिबायोटिक परस्पर बंद करू नका. शौचात रक्त दिसलं किंवा लघवी कमी झाली तर लगेच डॉक्टरांना गाठा.