फाइलींचे दप्तर

ज्या कचेरीत पंधरावीस माणसे एकाच कामाची कागदपत्रे हाताळतात, तेथे प्रत्येकाच्या संगणकावर एकाच पत्राची निराळी प्रत असली की घोटाळा ठरलेलाच. म्हणून सर्वांच्या फाइली एके ठिकाणी ठेवून अधिकार पाहून पुरविणारा संगणक, म्हणजे फाइल सर्व्हर, नेमला जातो. त्याच्या व्यवस्थापकाची परिभाषा बाहेरच्यास दुर्बोध वाटते खरी. परंतु फाइल कोठून मागावी, ती किती वेगाने यावी आणि नष्ट होऊ नये म्हणून काय करावे, या तीन प्रश्नांभोवतीच ती फिरते.

पत्त्यापासून आरंभ करू. नेटवर्कमधील प्रत्येक यंत्रास आयपी पत्ता असतो. चौथ्या आवृत्तीत तो ३२ बिटांचा असल्यामुळे एकंदर पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात, आणि म्हणूनच १९२.१६८ या अंकांनी सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवले असून ते असंख्य कचेऱ्यांत एकाच वेळी निर्वेध नांदतात. यंत्रांना पत्ते आपोआप वाटून देतो तो डीएचसीपी, आणि नावावरून पत्ता शोधून देतो तो डीएनएस.

वेगाच्या बाबतीत फसगत होते ती बिट आणि बाइट यांच्या गल्लतीने. गिगाबिट जोडणीतून सेकंदाला १०० कोटी बिट जातात. पण आठ बिटांचा एक बाइट होत असल्यामुळे पदरात पडतात ते फार तर १२५ मेगाबाइट, आणि दळणवळणाचा खर्च वजा जाता त्याहूनही कमी.

मागितलेली फाइल जेथे असते, त्या साठवणुकीच्या नॅस आणि सॅन अशा दोन पद्धती आहेत. जुन्या दप्तरखान्यात अमुक सालचा कागद मागावा आणि कारकुनाने नेमका रुमाल सोडून तो हाती द्यावा, तसा नॅस सबंध फाइल काढून देतो, आणि ही मागणी विंडोजच्या जगात बहुधा एसएमबी, तर युनिक्सच्या जगात सन कंपनीने १९८४ साली आणलेल्या एनएफएस या नियमावलीनुसार होते; सॅन मात्र केवळ रिकामी फडताळे स्वाधीन करतो, म्हणजे डिस्कवरील ठोकळे देतो, आणि त्यांत काय कोठे ठेवावे याचा हिशेब मागणाऱ्या सर्व्हरनेच राखायचा असतो.

राहिला रक्षणाचा प्रश्न. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली अनेक स्वस्त डिस्कांचा एकत्र संच करण्याची जी कल्पना मांडली, तीच रेड होय. रेड १ मध्ये प्रत्येक मजकूर दोन डिस्कांवर उमटतो. रेड ५ मध्ये ४ टेराबाइटच्या चार डिस्कांतून १२ टेराबाइट जागा मिळते, आणि उरलेल्या जागेतील पॅरिटीच्या, म्हणजे पडताळ्याच्या बिटांच्या, आधारे कोणतीही एक डिस्क निकामी झाली तरी तिच्यातील मजकूर पुन्हा सिद्ध करता येतो.

येथेच मोठा गैरसमज उद्भवतो. रेड यंत्राच्या मृत्यूपासून वाचवतो, माणसाच्या हातून नव्हे. चुकून पुसलेली किंवा खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेली फाइल सगळ्या संचातून तत्क्षणी तशीच होते. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे सर्व्हरपासून अलग ठेवलेला बॅकअप. आणि तो घेतल्याची नोंद दप्तरी असणे पुरेसे नसून, त्यातून अधूनमधून एखादी फाइल खरोखर परत काढून पाहणे, हे व्यवस्थापकाचे आद्य कर्तव्य होय.