ट्रॅक्टरवर जीपीएस : कोणाला परवडेल, कोणाला नाही?

मंडळी, आजकाल ट्रॅक्टर विकायला बसलेला माणूस एक शब्द हमखास उच्चारतो, तो म्हणजे जीपीएस. "यात जीपीएस आहे" असे तो म्हणतो आणि किमतीत भर घालतो. ही भर कधी काही हजारांची असते, तर कधी काही लाखांची. शब्द मात्र तोच. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी या एका शब्दाच्या पोटात किती निरनिराळ्या वस्तू दडल्या आहेत, ते पाहिलेले बरे.

जीपीएस ही अमेरिकेने उभारलेली उपग्रहांची योजना. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तिचे उपग्रह पृथ्वीभोवती फिरतात. प्रत्येकात अतिशय अचूक असे अणुघड्याळ असते. उपग्रह सारखा एवढेच सांगत असतो, की मी अमुक जागी आहे आणि आता इतके वाजले. खालचे यंत्र हा निरोप ऐकते आणि तो पोचायला किती वेळ लागला यावरून अंतर काढते. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने ऐकू आला, यावरून ती किती लांब पडली हे आपण ठरवतो ना, तसाच हा प्रकार. फक्त इथे वेग प्रकाशाचा. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरनी चुकते! असे चार उपग्रह एकदम ऐकू आले म्हणजे जागा ठरते. रशिया, युरोप, चीन यांच्याही अशा योजना आहेत, आणि आपल्या इस्रोची 'नाविक' आहे. बोलताना सगळ्यांनाच जीपीएस म्हणायची रीत पडली आहे.

आता तुमच्या खिशातला मोबाईल घ्या. मोकळ्या आभाळाखाली तो तुमची जागा साधारण पाच मीटरच्या आत-बाहेर सांगतो. पुष्कळांची अशी समजूत आहे की रेंज गेली की जीपीएसही गेले. तसे नाही. उपग्रहाचा निरोप थेट आभाळातून येतो, त्याला गावच्या टॉवरची गरज नसते. रेंज लागते ती नकाशा उतरवून घ्यायला. तो घरीच उतरवून ठेवला, तर डोंगरातसुद्धा काम भागते.

अमेरिकेत रानावनात, चिखलात चालणाऱ्या चारचाकी दुचाकीवजा गाड्या असतात. तिकडे त्यांना 'ऑल-टेरेन' गाड्या म्हणतात. त्यांतल्या काहींवर जीपीएसचा पडदा कारखान्यातूनच बसवून येतो. खिशात फोन असताना हा खर्च कशाला, हा प्रश्न तिथेही आहेच. त्या पडद्याच्या बाजूने सांगण्यासारखे थोडे आहे. तो गाडीच्या बॅटरीवर चालतो आणि धूळपाणी सोसतो. शिवाय हादऱ्यांचाही प्रश्न आहे. मोठ्या मोटारसायकलींच्या इंजिनाच्या कंपनांनी फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा ॲपल कंपनीनेच २०२१ मध्ये दिला होता. पण जागा दाखवण्याचे मूळ काम फोनही तितपतच करतो. ट्रॅक्टर कुठे उभा आहे, किती फिरला, एवढेच हवे असेल, तर त्यासाठी जास्त पैसे मोजावेत असे मला वाटत नाही.

लाखांची गोष्ट वेगळी आहे. तिथे यंत्र स्वतः स्टिअरिंग फिरवते आणि ओळ दोन-तीन सेंटिमीटरही चुकू देत नाही. पाच मीटरची चूक दोन सेंटिमीटरवर कशी आली? युक्ती सुंदर आहे. जिची जागा आधीच नेमकी मोजलेली आहे, अशा ठिकाणी दुसरे एक यंत्र कायमचे बसवतात. उपग्रह त्यालाही चुकीचीच जागा सांगतात; पण त्याला खरी जागा ठाऊक असल्याने "या घटकेला एवढी चूक चालली आहे" हे ते ट्रॅक्टरला कळवते. जवळपासच्या दोघांची चूक बहुतेक सारखीच असते, ती वजा केली की काम झाले. म्हणजे खरा पैसा जातो तो या दुरुस्तीपायी. आणि गंमत अशी, की ही दुरुस्ती बहुधा इंटरनेटवरून येते, म्हणून इथे मात्र रेंज लागते!

आता हिशेब करू. एक एकर म्हणजे ६४ मीटर लांब आणि जवळजवळ तितकेच रुंद रान. रोटाव्हेटर दोन मीटरचा धरा. नेमके चालवले तर ३२ फेऱ्या लागतील. पण चालक सुटू नये म्हणून दर फेरीला वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर, आधीच्या पट्ट्यावर चढवतो. मग फेऱ्या होतात ३६. चार फेऱ्या जास्त, म्हणजे अडीचशे मीटर चाल. वळणे धरून पाचेक मिनिटे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातले सरासरी खाते १.३४ हेक्टरचे निघाले, म्हणजे सव्वातीन एकरांचे. त्या शेतकऱ्याचे एका पाळीमागे सोळा-सतरा मिनिटांचे डिझेल वाचेल. एवढ्यासाठी लाखो रुपये? मुळीच नाही. उलट हंगामात ५०० एकर भाड्याने करणाऱ्याची दर पाळीला चाळीस तासांहून अधिक बचत होते. त्याने, किंवा गावच्या शेतकरी गटाने, जरूर विचार करावा.

डिझेलपेक्षाही मोठा फायदा वाफशाचा आहे. पेरणीजोगा वाफसा दोन-तीन दिवस टिकतो आणि सगळ्या गावाला ट्रॅक्टर त्याच वेळी हवा असतो. असे यंत्र असले तर रात्रीही काकरी सरळ पडते. काकरी सरळ पडली की पुढे कोळपे पिकाला न दुखावता जाते. मात्र सरळ म्हणजे चांगलेच असे नाही हं. उताराच्या रानात पेरणी उताराला आडवीच हवी, मग ओळ वाकडी झाली तरी चालेल. आणि बांधावर आंबा-चिंचेची दाट झाडे असतील, तर त्यांच्या सावलीत यंत्र गोंधळते.

घ्यायचेच ठरले, तर कारखान्यातून जडवून आलेल्यापेक्षा काढता-घालता येणारे बरे. ट्रॅक्टर पंधरा-वीस वर्षे राबतो. त्यावरचा पडदा आणि त्यातली विद्या त्याच्या निम्म्या वयातच जुनी होते. विक्रेत्याला विचारा : चूक किती सेंटिमीटर? दुरुस्ती कुठून येते? तिची वर्षाची फी किती? रेंज गेली तर यंत्र काय करते?

शिक्षक बंधु-भगिनींना हे वर्गाबाहेर दाखवता येईल. शाळेच्या पटांगणाच्या एका कोपऱ्यात खुंटी ठोका आणि फोनवर तिचे अक्षांश-रेखांश सकाळी, दुपारी, संध्याकाळी मुलांकडून लिहून घ्या. खुंटी हलत नाही, आकडे हलतात. मग टेपने आणि फोनने पटांगणाचे क्षेत्रफळ काढा. ते पुष्कळसे जुळेल. कारण थोड्या वेळात चूक सगळ्या कोपऱ्यांना बहुधा सारखीच लागते, आकार जवळपास तसाच राहून जागा सरकते. भाड्याच्या ट्रॅक्टरने किती एकर केले याचा अंदाज म्हणूनच फोनवर घेता येतो. पण बांध कोणाचा, हे फोनवर ठरवायला जाऊ नका. पाच मीटरच्या चुकीत अख्खा बांध शेजाऱ्याच्या रानात जाऊन बसेल! त्यासाठी भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करावा. त्यांचे मोजणीदार 'रोव्हर' नावाचे जे यंत्र आणतात, ते वर सांगितलेली दुरुस्ती घेऊनच मोजते.