रामी, रामू आणि रमाई

वकिलीच्या निमित्ताने जुने सातबारा, शाळेचे दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या आम्हाला नेहमी चाळाव्या लागतात. त्यांत आमची माणसे भेटतात ती धोंड्या, कचऱ्या, भिक्या याच नावांनी. मुले जगत नसत तेव्हा आई मुद्दाम असे टाकाऊ नाव ठेवी. निदान हे तरी वाचावे, ही तिची भाबडी आशा. ही रीत इतर जातींतही होती. मग फरक कुठे? फरक शेवटच्या अक्षरात आहे. ब्राह्मणाघरचा धोंडो मोठेपणी धोंडोपंत होई. महारवाड्यातला धोंड्या सत्तरीतही धोंड्याच राही. पाटलाचे शेंबडे पोरही त्याला तशीच हाक मारी. शूद्राचे नाव निंदादर्शक असावे, असे मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतोच. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती जाळली गेली, तेव्हा हा नियमही जळाला.

त्याच बाबासाहेबांनी एका लहान नावाचे काय केले, ते पाहा. दापोलीजवळच्या वणंदची गरीब घरातली पोर, रामी. १९०६ साली लग्न होऊन ती रमाबाई झाली. बाबासाहेब मात्र तिला ‘रामू’ म्हणत. २७ मे १९३५ रोजी राजगृहात रमाईंनी देह ठेवला. पुढे १९४० साली ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ प्रसिद्ध झाला. देशाची सरहद्द, सैन्य, फाळणी यांची चिकित्सा करणारा हा इंग्रजी ग्रंथ ‘रामू’च्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. सौभाग्यवती नाही, बाई नाही, नुसती रामू! जगातले विद्वान वाचणार त्या ग्रंथात घरातली हाक छापताना बाबासाहेबांना संकोच वाटला नाही. कष्टाच्या दिवसांत तिने दिलेल्या साथीचे ऋण त्यांनी तिथेच मान्य केले.

म्हणजे लहान नाव वाईट नसते. हाक मारणाऱ्याचा माज वाईट असतो. मायेने घेतले की तेच नाव ग्रंथाच्या पहिल्या पानावर शोभते.

मध्यंतरी एक तरुण आमच्याकडे आला. वडिलांचे ‘कचऱ्या’ हे नाव त्याला राजपत्रातून बदलून हवे होते. वडिलांची इच्छा असेल तर अर्ज जरूर करावा, तो त्यांचा हक्कच आहे, असे आम्ही सांगितले. पण आजीला दोष देऊ नकोस, हेही सांगितले. तिने त्या नावात लेकराचा जीव राखला होता. त्यात तुच्छता ओतली ती गावाने.

जयभीम!