तापलेल्या पाण्याची वाट

थंडीच्या दिवसांत पहाटे नळ सोडावा आणि त्यांतून थेंबहि येऊं नये, हा अनुभव शीत देशांतील गृहस्थाला नवा नाहीं. तेथें नळींतील पाण्याचा बर्फ होतो. आपल्या नागपुरावर हा प्रसंग येत नाहीं. २९ डिसेंबर २०१८ रोजीं येथील पारा ३.५ अंश सेल्सियसपर्यंत उतरला, तरीहि पाणी गोठण्याच्या शून्य अंशापर्यंत तो पोंचला नाहीं. म्हणून बंबाच्या नळ्यांची काळजी आपणांस नको, असें मात्र कोणी समजूं नये. आपल्याकडे त्या बर्फानें तुंबत नाहींत, दगडानें तुंबतात.

प्रथम बर्फाची गोष्ट पाहूं. कारण आज पुष्कळ नागपूरकरांचीं मुलेंबाळें शीत देशांत राहतात. पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगतें. पण नळी बहुधा बर्फाच्या जागींच फुटते असें नाहीं. बर्फाचें बूच आणि बंद तोटी यांच्यामध्यें जें पाणी कोंडलें जातें, त्याचा दाब वाढत जाऊन ती फुटते. म्हणून तेथील जाणता मनुष्य आधीं तोटी उघडी ठेवतो. मग तोटीच्या बाजूनें आरंभ करून, ऊन पाण्यांत पिळलेलीं फडकीं नळीभोंवतीं गुंडाळीत हळूहळू मागें जातो. ज्योत तो कधींच लावीत नाहीं. यांतील मर्म एकच : आधीं वाट, मग उष्णता.

आपल्याकडील जुना तांब्याचा बंब हा नियम आपोआप पाळीत असे. मधल्या नळकांड्यांत कोळसा किंवा लांकूड जळे, भोंवतालचें पाणी तापे, आणि वरून गार पाण्याचा तांब्या ओतला कीं तितकेंच कढत पाणी तोटींतून बाहेर पडे. तोंड उघडें असल्यामुळें आंत दाब सांचत नसे.

विजेचा गीझर हें मात्र बंद पात्र आहे. २५ लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविलें, तर तें सुमारें ४०० मिलिलिटरनें वाढतें. आंत येणाऱ्या नळीवर एकमार्गी झडप असली, कीं हें वाढलेलें पाणी मागें जाऊं शकत नाहीं. त्याकरितां सुरक्षा-झडप ठेवलेली असते, आणि पाणी तापतांना तिच्यांतून कांहीं थेंब गळावयाचेच. पण न्हाणीघर ओलें होतें म्हणून कोणी तिच्या तोंडांत चिंधी कोंबतो, तर कोणी लांकडाची खुंटी ठोकतो! यासारखा घातक उद्योग नाहीं. थर्मोस्टॅट बिघडला आणि झडप बुजलेली असली, तर दाबाखालचें पाणी शंभर अंशांच्या वर तापूनहि उकळत नाहीं. पात्र फाटतें त्या क्षणीं मात्र त्यांतील कांहीं भागाची एकदम वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारें सोळाशें पट जागा लागते. न्हाणीघराएवढी खोली तिला कशी पुरणार ?

झडप बुजविण्याचें हें काम पुष्कळदां पाणी स्वतःच करतें. ज्या विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यांत साबणाला फेंस येत नाहीं आणि डाळ लवकर शिजत नाहीं, तें जड पाणी. त्यांत विरघळलेला चुन्याचा क्षार उष्णतेनें फुटतो. कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो, आणि चुनखडीचा पांढरा थर कॉइलवर, नळींत व झडपेंत बसतो. थरानें उष्णता अडते, कॉइल जास्त तापून अखेर जळते, आणि तोटीची धार बारीक होत जाते. धार बारीक झाली, ही पहिली सूचना समजावी.

अशा वेळीं काय करावें ? तोटीची जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्यें बुडवून ठेवावी. आम्लानें थर विरघळतो. गीझर मात्र स्वतः उघडूं नये. जड पाणी असलेल्या घरांनीं हिंवाळ्यापूर्वीं जाणत्या कारागिराकडून वीज बंद करून, पाणी निवल्यावर, तो आंतून साफ करून घ्यावा व झडपहि तपासून घ्यावी. पाणी गार असतांनाहि झडप एकसारखी वाहत असेल, तर ती बदलावी, बुजवूं नये. तोटींतून वाफ फुसफुसूं लागली, तर मुख्य बटण बंद करून सर्वांनीं दूर व्हावें.

उद्यां सकाळीं स्नानापूर्वीं आपल्या गीझरखालीं एकवार पहावें. तेथें चिंधी किंवा खुंटी दिसली, तर वीज बंद करावी आणि कारागीर येईपर्यंत चुलीवर तापविलेल्या पाण्यानें स्नान उरकावें.