कुस्ती हरली की वस्ताद हरला?

२०२३ सालच्या नोव्हेंबरात महाराष्ट्र केसरीची कुस्ती आपल्या अगदी उंबऱ्याशी येऊन ठेपली होती. हवेली तालुक्यातले फुलगाव कोरेगाव भीमाला ते काय लांब! मोटारसायकलला टांग मारली की पोहोचलेच. कांद्याच्या लागणीची गडबड होती, उसाला तोड आली होती, तरी शिरूर-हवेलीची माणसे कामे बाजूला ठेवून तिकडे धावली. शेवटच्या कुस्तीला एका बाजूला कोल्हापूरच्या गंगावेश तालमीचा सिकंदर शेख, दुसऱ्या बाजूला शेजारच्या खेड तालुक्याचा शिवराज राक्षे, अर्जुनवीर काका पवारांचा पठ्ठा. लोक नीट मांडी घालून बसतात न बसतात तोच अर्ध्या मिनिटाच्या आत निकाल लागला. सिकंदर जिंकला.

कुस्ती अर्ध्या मिनिटाची, पण पारावरची चर्चा पंधरा दिवस पुरली. आपल्याकडे पैलवान हरला की त्याला फारसे कोणी बोलत नाही. बोलणी बसतात ती वस्तादाला. "पोरगं दमदार आहे हो, वस्तादानं सलामीलाच सावध करायला पाहिजे होतं." "वस्तादाचं लक्ष आता पोरांवर राहिलं नाही." "पूर्वीचे वस्ताद ते वस्ताद!" जो बोलतो त्याने आयुष्यात लंगोट बांधलेला असतोच असे नाही. पण क्रिकेटचा कप्तान, साखर कारखान्याचा चेअरमन आणि तालमीचा वस्ताद या तिघांना अक्कल शिकवण्याचा अधिकार आपल्याकडे प्रत्येकाला जन्मतःच मिळालेला आहे.

गंमत पुढेच आहे. राज्यातल्या कुस्तीची संघटना दुभंगलेली असल्याने त्याच महिन्यात धाराशिवला दुसरी महाराष्ट्र केसरी भरली. फुलगावला हरल्यावर पंधरवडाही उलटला नाही तोच शिवराज राक्षेने तिथे गदा मारली. पैलवान तोच, वस्ताद तोच, खुराक तोच. फुलगावला जो वस्ताद नालायक ठरला होता, तो धाराशिवला थोर ठरला! आता पंधरवड्यात वस्तादाची विद्या इतकी उतरते आणि चढते का?

मी शेतीखात्याचा माणूस. आमच्याकडे नवे वाण आले की एका हंगामात, एका शेतात चांगले पिकले म्हणून त्याची शिफारस करीत नाहीत. निरनिराळ्या जमिनीत, निरनिराळ्या पाऊसमानात, निदान तीन हंगाम ते लावून पाहतात. एका वर्षी गारपीट झाली म्हणून वाण वाईट ठरत नाही आणि एका वर्षी भाव कडाडला म्हणून चांगलेही ठरत नाही. हे आपल्याला ज्वारीच्या बाबतीत पटते. माणसाच्या बाबतीत मात्र आपण एकाच कणसावरून सबंध रानाचा अंदाज बांधतो.

वाघोलीच्या अभिजीत कटकेचेच पाहा. नगर रस्त्यावरचा आपलाच गडी, पुण्याच्या शिवरामदादा तालमीत तयार झालेला. २०१६ साली वारज्याला शेवटच्या कुस्तीत तो विजय चौधरीकडून हरला. तेव्हा लोक म्हणाले, तालीम बदलायला हवी. त्याने बदलली नाही. २०१७ साली भूगावला तो महाराष्ट्र केसरी झाला. लोक म्हणाले, वा! २०१८ साली जालन्याला बाला रफिक शेखने त्याला हरवले आणि लोक पुन्हा पहिल्या मुद्द्यावर आले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादला तो हिंदकेसरी झाला. या सहा-सात वर्षांत वेळोवेळी पारावरचा सल्ला ऐकला असता तर त्या पोराने किती तालमी पालथ्या घातल्या असत्या, याचा हिशेब करा.

बाला रफिक शेखच्या गदेवरूनही एक वाद रंगतो, आणि तो ऐकण्यासारखा आहे. हा करमाळा तालुक्यातला पोरगा कोल्हापूरला हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली घडला, नंतर पुण्याला हनुमान आखाड्यात गणेश दांगटांकडे आला. मग गदा कोणाची? आंदळकरांची की दांगटांची? आंदळकर म्हणजे १९६० सालचे हिंदकेसरी, १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलेला माणूस. सप्टेंबर २०१८ मध्ये ते गेले आणि त्याच डिसेंबरात बालाने गदा उचलली. माझ्या मते हा वाद म्हणजे उसाचे श्रेय बेण्याचे की पाण्याचे असे विचारण्यासारखा आहे. बेणे वाईट असेल तर पाणी देऊन उपयोग नाही, आणि पाणी तुटले तर उत्तम बेणेही वाळून जाते. पण पाणी देणाऱ्याचाच फोटो वर्तमानपत्रात येतो हेही खरे.

हरिश्चंद्र बिराजदार मामांची गोष्ट तर वस्तादाचे माप काढायला बसणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. लातूरकडचा हा पैलवान १९६९ सालचा महाराष्ट्र केसरी. १९७७ साली बेळगावला त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवले, ती कुस्ती पाहिलेली म्हातारी माणसे अजून तिचे वर्णन करताना उठून उभी राहतात. पुढे मामा पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. काका पवार त्यांचाच पठ्ठा. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे हाही त्यांचाच. मामा २०११ साली वारले. त्यानंतर राहुलला काका पवारांनी सांभाळले. ऑलिंपिकची संधी हुकली, दुखणी झाली, लोक त्याला संपला म्हणू लागले. २०१८ साली ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५७ किलो गटात सुवर्णपदक घेतले आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्य. वस्ताद जाऊन सात वर्षे झाली तरी त्याचे पीक निघतच होते! २०११ साली मामांच्या कामाचा ताळेबंद मांडला असता तर त्यात ही दोन्ही पदके नसती.

आणि बेळगावला हरलेला तो सतपाल? त्याच्या हाताखाली पुढे सुशील कुमार तयार झाला आणि त्याने २००८ व २०१२ अशी ऑलिंपिकची दोन पदके आणली. म्हणजे एका कुस्तीत चीत झालेला माणूस वस्ताद म्हणून किती मोठा होईल, हे त्या दिवशी बेळगावच्या मैदानात कोणाला सांगता आले असते काय?

इथे पारावरचे जाणते लोक मला अडवतात. "साहेब, ते सगळं खरं. पण खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक आणलं, त्यानंतर कुस्तीत आपल्या मराठी पोराला ऑलिंपिकचं पदक का नाही? हरियाणाच्या पोरांनी रांग लावली. मग आपले वस्ताद कमी पडले म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं?" प्रश्न रास्त आहे आणि टाळण्यासारखा नाही. आपल्या कित्येक तालमीत मॅट उशिरा आली, काही ठिकाणी अजून नाही. ऑलिंपिकची कुस्ती गुणांवर चालते आणि आपले मन चितपटीवर. जे वस्ताद नवे नियम शिकले नाहीत ते कमी पडले, हे मी मान्य करतो.

पण दोष त्यांच्या एकट्याच्या पदरात टाकता येत नाही. पाडवा झाला की गावोगावी जत्रा आणि कुस्त्यांचे हगामे सुरू होतात. रेवडीच्या कुस्त्यांपासून ते शेवटच्या लाखाच्या कुस्तीपर्यंत. पोरगा तालमीत थोडा उजवा दिसू लागला की गावची यात्रा कमिटी त्याला बोलावते. इनाम, फेटा, हलगी आणि खांद्यावरून मिरवणूक! पोराला गोडी लागते, घरात चार पैसे येतात. अशा वेळी जो वस्ताद म्हणतो, "यंदा मैदानात उतरायचं नाही, अंग भरू दे", तो गावात वाईट होतो. "पोराला दाबून ठेवतो" असे आपणच म्हणतो. मग महिना-दीड महिना हा गाव तो गाव कुस्त्या करून पोरगा खांदा नाहीतर गुडघा धरून परत येतो आणि आपण वस्तादाला जाब विचारतो.

खाशाबांच्या पदकामागे तरी एकच वस्ताद कुठे होता? १९४८ साली लंडनला जाण्यापूर्वी रीस गार्डनर नावाच्या परदेशी प्रशिक्षकाने त्यांना मॅटची ओळख करून दिली, तिथे ते सहावे आले. १९५२ ला जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. गावोगाव वर्गणी झाली. गावाने निकालावर वाद घालण्याऐवजी खर्च उचलला, तेव्हा पदक आले.

माझा पुतण्या अमेरिकेत नोकरीस आहे. तिकडे कॉलेजच्या फुटबॉल संघांवरून आपल्या कुस्तीपेक्षा जास्त भांडणे होतात म्हणे. फुलगावच्या कुस्तीनंतर अवघ्या दोनच दिवसांनी टेक्सासमधल्या एका विद्यापीठाने आपल्या मुख्य प्रशिक्षकाला हंगामाच्या मध्येच काढून टाकले. जिम्बो फिशर त्याचे नाव. करार मोडला म्हणून त्याला द्यायची ठरलेली रक्कम साडेसात कोटी डॉलरच्या वर, म्हणजे आपले सहाशे कोटींहून जास्त रुपये! हरण्याबद्दल एवढे पैसे मिळत असतील तर हरायला हरकत नाही, असे आमच्या पारावर एकमताने ठरले. आपल्याकडच्या गावतालमीचा वस्ताद हरला तर त्याचा नारळसुद्धा चुकतो.

थट्टा बाजूला ठेवू. हा विषय मी कुटुंबांच्या साप्ताहिकात लिहितो आहे, कारण पारावरची चर्चा पारावर राहत नाही, ती घरात शिरते. पोराला तालमीत ठेवणे म्हणजे काय ते घरातल्या बाईला विचारा. रोजचे तीन-चार लिटर दूध, बदाम, तूप, फळे. डेअरीला जाणारे दूध पोराच्या नावाने बंद होते. उसाचे बिल आले की त्यातला पहिला वाटा तिकडे. एवढे करून पोरगा हरला की भावकी म्हणते, वस्ताद बदला. तालीम बदलली की पहिले वर्ष पोराचे नव्या जागेत रुळण्यातच जाते. भाताचे रोप एकदा उपटून लावतात, दर आठवड्याला नव्हे.

माझ्या फिरतीच्या एका गावात गेल्या उन्हाळ्यात असेच झाले. पोरगा सोळा वर्षांचा, तालमीत तिसरे वर्ष. वस्तादाने सांगितले होते की खांदा दुखतो आहे, यंदा हगाम्याला उतरायचे नाही. चुलत्याने परस्पर जोड ठरवली, कारण कमिटीत त्याचा शब्द होता. पोरगा गावासमोर हरला. चुलत्याने त्याच रात्री फर्मान काढले, तालीम बदला. वडील ठिबकच्या प्रस्तावाच्या कामासाठी माझ्याकडे आले होते, ते काम बाजूला राहिले आणि हेच बोलत बसले. "साहेब, माणसानं कोणाचं ऐकावं?"

मी म्हणालो, आबा, कोणाचेच ऐकू नका. न सांगता पहाटे चार वाजता तालमीत जा आणि कोपऱ्यात बसून पाहा. वस्ताद स्वतः हजर असतो की थोरल्या पठ्ठ्यांवर सोडून देतो, ते पाहा. लहान पोराला त्याच्याच वजनाचा जोड देतो की दांडग्यापुढे टाकतो? कोणाच्या अंगावर नायटा असेल तर त्याला मातीबाहेर ठेवतो का? नायटा एकाला झाला की आठवड्यात सबंध तालमीला होतो. वजन उतरवण्यासाठी पोरांचे पाणी तोडतो का, डब्यातल्या पावडरी आणि सुया कोण आणून देते, हे दुसऱ्या पोरांच्या बापांना विचारा. उत्तेजक सापडले तर चार-चार वर्षांची बंदी येते, शरीराचे नुकसान वेगळेच. रागाचेही पाहा. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला पंचाचा निर्णय पटला नाही म्हणून शिवराज राक्षेसारख्या पैलवानाचा तोल गेला, पंचाला लाथ बसली आणि तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. आपला पोरगा हरल्यावर कसा वागतो, त्याला तिथे काय सांगतात, ते कानाने ऐका. आणि सर्वात शेवटी विचारा, या तालमीतून गेलेली जी पोरे पैलवान झाली नाहीत ती आज काय करतात? गदा एकाला मिळते. बाकीच्या पन्नास पोरांचे काय झाले त्यावर वस्ताद कळतो. (आता मुलीही आखाड्यात आल्या आहेत. २०२३ साली सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. मुलीच्या आईबापांनी तर हे सारे दुप्पट बारकाईने पाहावे, आणि आईने स्वतः जावे.)

आबा गेले. परत आल्यावर ते फार बोलले नाहीत. म्हणाले, पोरगा भिंतीशी बसून होता, खांद्याला पट्टा बांधलेला. वस्तादाने त्याला मातीत पाय ठेवू दिला नव्हता, नुसत्या बैठका मारायला लावल्या होत्या. दहावीच्या दोन पोरांना सात वाजता शाळेसाठी मातीबाहेर काढले. मग आबांकडे वळून वस्तादाने हगाम्याचा विषयही काढला नाही. एवढेच विचारले, "घरच्या म्हशीचं दूध अजून येतंय ना? मग पुढच्या चैत्रापर्यंत मला वेळ द्या."

दूध चालू आहे. चुलता अजून आबांशी बोलत नाही. पोराचा खांदा दिवाळीत बरा झाला.