सांभाळणारा आणि जाणणारा

गेल्या वेळी विश्वास या विषयावर बोलताना आपण संगणकापाशी थांबलो होतो. तिथूनच पुढं जाऊ.

आमच्या एका लहानशा ग्रंथालयाचे आम्ही सात विश्वस्त. ग्रंथालयाच्या ईमेलचा पासवर्ड कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकला. दोन वर्षांनी एकाचा फोन चोरीला गेला, आणि देणगीदारांना आमच्या नावानं पैसे मागणारी पत्रं जाऊ लागली. पासवर्ड सगळेच विसरले होते, पण तो निरोप मात्र सातही फोनांत तसाच बसून होता!

मग एका जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरून मी एक सर्व्हर भाड्यानं घेतला, त्यावर डेबियन लिनक्स होतं, आणि प्रायव्हेटबिन हे मुक्त सॉफ्टवेअर बसवलं. ते पीएचपीत लिहिलेलं आहे. बसवायला फार काही लागत नाही. त्यातली गंमत वेगळीच आहे. तुम्ही पानावर पासवर्ड लिहिता, तो तुमच्याच ब्राउझरमध्ये कुलूपबंद होतो, आणि सर्व्हरकडे जातो तो फक्त कुलूपबंद मजकूर. किल्ली कुठं असते? तुम्हाला मिळालेल्या लिंकमध्ये, # या चिन्हाच्या पुढं. आणि पत्त्यातला # नंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. म्हणजे बघा, सर्व्हर गुपित सांभाळतो, पण जाणत नाही. 'जवळ असणं' आणि 'ठाऊक असणं' यांची इतकी स्वच्छ फारकत मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतही क्वचित दिसली.

पण थांबा. कुलूप लावणारा प्रोग्राम येतो कुठून? त्याच सर्व्हरवरून, दर वेळी पान उघडल्यावर. सर्व्हर ज्याच्या ताब्यात, तो प्रोग्राम गुपचूप बदलू शकतो. नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण तो आप्ताचा असेल तरच. इथं आप्त कोण? सर्व्हर आपला असला की उत्तर आपल्या दारात येतं, इतकंच. विश्वासाची गरज संपत नाही. जबाबदारी मात्र आपली होते. एचटीटीपीएस नसेल तर वाटेतला कुणीही प्रोग्राम बदलेल, तेव्हा प्रमाणपत्र हवंच, आणि त्याचं नूतनीकरण आपोआप व्हायला हवं. डेटा आणि कॉन्फिगरेशनचे फोल्डर वेबवर दिसणाऱ्या फोल्डरच्या बाहेर ठेवायचे. अपडेट तर सुटतच नाहीत. सेवानिवृत्त माणसाला तेवढाच उद्योग.

मागं कुणी तरी विचारलं, "सर, मग लिंक व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवायची ना?" हो, पण लिंक ज्याच्या हाती, त्याच्या हाती किल्ली. म्हणून 'वाचल्यावर नष्ट' हा पर्याय निवडायचा, आणि वर एक वेगळा पासवर्ड घालून तो फोनवर सांगायचा. ज्याला पाठवलं त्याला पान आधीच नष्ट झालेलं दिसलं, तर समजायचं की मधेच कुणीतरी ते उघडलं. मूळ पासवर्ड लगेच बदलायचा. मुदतही घालता येते. मी आधी पाच मिनिटं ठेवत होतो, पण आमच्या खजिनदारांचा तेवढा वेळ चष्मा शोधण्यातच जातो. आता एक तास ठेवतो.